खडकातली बाग
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यानंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण गेल्या महिन्यात हळदीकुंकवाला माझ्या घरी आलेल्या मैत्रिणींनी मागची बाग पाहिली आणि अध्यक्षाबाईंनी सांगितले की, "या वर्षी तुम्हीच बोलायचे, आणि बागेवरच बोलायचे." मी पुष्कळ नाही म्हटले. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमची हिशेबाची वही आणा आणि त्यातले वाचून दाखवा." तशी ती वही मी आज आणली आहे. किराण्याचा हिशेब पुढच्या पानांवर आणि बागेचा मागच्या पानांवर आहे.

समोर ज्या भगिनी बसल्या आहेत त्यांतल्या काहींनी माझ्याकडून मोगऱ्याच्या फांद्या नेल्या आहेत. काही जणी याच बागेवरून माझ्याशी भांडल्याही आहेत. दोन्हींबद्दल मी सांगणार आहे. नुसती फुले दाखवली आणि भांडण झाकून ठेवले तर ते तुम्हांलाही पटणार नाही, मलाही नाही.

आम्ही २०१२ साली देवपुरच्या बाजूला, वस्तीच्या टोकाला प्लॉट घेतला. स्वस्तात मिळाला. का स्वस्तात मिळाला ते पाया खणताना कळले. वर चार बोटे मुरूम आणि खाली काळा पाषाण! ह्यांनी पहार मारली तर पहार उसळून हाताला झिणझिण्या आल्या. दोन खोल्या, वर ५०० चौरस फुटांची गच्ची आणि मागे वीस फूट बाय तीस फूट मोकळी जागा असे आमचे घर झाले. त्या मागच्या जागेत गवताची काडी नव्हती. उन्हाळ्यात दुपारी मागचे दार उघडले की तव्याजवळ उभे राहिल्यासारखी धग येई. पावसाळ्यात दगडावरून पाणी थेट शेजारच्या भिंतीवर जाई. तिथूनच आमच्या शेजारधर्माची पहिली कुरबूर सुरू झाली.

माझे माहेर जळगावकडचे, तापीच्या बाजूचे. तिथे माणूसभर खोल काळी माती. केळीचे बाग डोळ्यांसमोर वाढलेली मी मुलगी. जमीन म्हणजे माती असेच मी समजत होते. पण आपल्या खानदेशाची तऱ्हा अशी आहे की तापीकाठी गाळाची खोल जमीन आणि तिथून धुळे-साक्रीकडे सरकले की खडक वर डोके काढतो. हा खडक लाव्ह्याचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून तो झाला, असे माझ्या मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. आपल्या जिल्ह्यात तर जमिनीतून वर आलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. तशाच काही जमिनीच्या पोटातही असतात. म्हणून एकाच गल्लीत एकीच्या बोअरला पाणी लागते आणि दुसरीची कोरडी जाते. नशिबाला बोल लावण्याआधी खालच्या दगडाकडे पाहावे, हे मी फार उशिरा शिकले.

पहिली दोन वर्षे मी काय केले ते ऐका, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. दोन ट्रॉल्या माती विकत आणून दगडावर पसरली. वर गुलाब, जास्वंद, आणि पहारीने खड्डा करून एक आंब्याचे कलम लावले. पहिल्या जोराच्या पावसात अर्धी माती शेजारच्यांच्या ओट्यावर आणि अर्धी गटारीत गेली. आंब्याचे कलम मात्र जागेवर होते. मी आनंदाने रोज पाहत होते. पंधरा दिवसांत पाने काळी पडली. उपटून पाहिले तर मुळे कुजलेली. अखंड दगडात केलेला खड्डा म्हणजे एक वाडगाच होता. पाणी खाली जायला वाट नाही. पाण्यावाचून झाडे मरतात हे आपल्याला ठाऊक असते. माझे झाड धुळ्यासारख्या गावात पाण्यात बुडून मेले! वहीत त्या दोन वर्षांचा खर्च ६,८०० रुपये लिहिला आहे आणि त्यापुढे मी पेन्सिलीने लिहिले आहे, "माती गेली."

२०१५ साली सासरे गेले आणि सासूबाई साक्री तालुक्यातल्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. आम्ही सगळे त्यांना जिजी म्हणत असू. त्यांना अक्षरओळख नव्हती. आल्यापासून त्या मागच्या पायरीवर बसून असत. मी दगड फोडायला गडी लावायचे म्हटले तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या, "दगड फोडू नको माय, आधी पानीले ईचार."

मला काही उमगले नाही. मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हा जिजी डोक्यावर गोणपाट घेऊन मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि मला हाक मारली. हातात चुन्याची डबी होती. पाणी कुठून येते, कुठे वळते, कुठे थांबते, ते त्या पाहत होत्या. पाऊस उघडल्यावर त्यांनी दगडावर चुन्याच्या रेघा ओढल्या. तीन ठिकाणी पाणी आडवे वळत होते. खालच्या कोपऱ्यात दगडाला आपोआप एक खोलगट भाग होता, तिथे पाणी तीन दिवस राहिले. आणि कुंपणाजवळ एका भेगेत पाणी गुपचूप नाहीसे होत होते. मी त्या घरात तीन पावसाळे काढले होते, पण हे काही पाहिले नव्हते.

जिजींना हे कसे दिसले? त्या फडाच्या गावच्या. आपल्यातल्या पुष्कळ जणींना फड माहीत आहे, पण तरुण मुलींसाठी सांगते. पांझरा, कान, मोसम अशा नद्यांवर आपल्या पूर्वजांनी तीनचारशे वर्षांपूर्वीपासून दगडी बंधारे घातले. बंधाऱ्यावरून पाट काढायचा आणि उताराने पाणी शेतांना द्यायचे. शेतांचे गट पाडलेले, एकेका गटाला फड म्हणायचे, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाटावर पाटकरी, पाणी पाजायला बारेकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. पाणी कमी असेल त्या वर्षी पंच बसून ठरवीत की या खेपेला इतकेच फड भिजवायचे. कुणी आपल्या जोरावर जास्त पाणी ओढायचे नाही. मोठमोठ्या इंजिनियरांनीही आपल्या या पाटांवर काम केले आहे. सर विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांत पांझरेच्या पाटासाठी दातर्तीजवळ बांधलेला नळीचा सायफन होता. तेव्हा ही साधी गोष्ट नव्हे. जिजींच्या वडिलांनी बारेकऱ्याचे काम केले होते. लहानपणी त्यांच्यामागे चाऱ्यांवरून फिरताना पाणी कसे चालते ते जिजींच्या डोळ्यांत बसले होते.

मग आम्ही काय केले ते क्रमाने सांगते.

पहिले काम दगडाच्या ताली. चुन्याच्या तीन रेघांवर, सुटे दगड एकावर एक रचून गुडघ्याएवढ्या तीन भिंती केल्या. सिमेंट नाही. फटीतून पाणी झिरपून जाते, माती मागे अडते. दगड विकत आणले नाहीत, पाया खणताना निघालेले कुंपणाशी पडूनच होते.

दुसरे काम मातीचे. माती पुन्हा विकत घेतली नाही. माहेरच्या गावी तलावातला गाळ शेतकरी उचलत होते, त्यातली एक ट्रॉली भावाने पाठवली. त्यात शेणखत मिसळले. पऱ्हाटीचे बारीक तुकडे, भुईमुगाची टरफले, पालापाचोळा यांचा थर वर दिला. आपल्याकडे पऱ्हाटी जाळून टाकतात. तीच कुजू दिली तर माती धरून ठेवते आणि उन्हात ओल उडू देत नाही. पहिल्या वर्षी तालीमागे एक वीत माती होती. आता हातभर झाली आहे.

तिसरे काम झाडाची जागा ठरवण्याचे. ही युक्ती अगदी सोपी आहे, ती लिहून घ्या. जिथे झाड लावायचे तिथे दीड-दोन फूट खड्डा करा. त्यात बादलीभर पाणी ओता आणि रात्रभर तसेच ठेवा. सकाळी पाणी जिरून गेले असेल तर खाली भेग आहे, तिथे झाड लावा. पाणी तसेच असेल तर तिथे झाड लावू नका, ते माझ्या आंब्याच्या वाटेने जाईल. मी सात खड्डे केले. दोनच खड्ड्यांत पाणी जिरले. एकात शेवगा लावला आणि एकात सीताफळ. सीताफळाला अशी हलकी, खडकाळ जमीन चालते. बाकीच्या ठिकाणी तालीमागच्या मातीवर कढीपत्ता, अडुळसा, मोगरा, गवती चहा, आणि पावसाळ्यात भेंडी-गवार.

चौथे काम हौदाचे. खालच्या कोपऱ्यातला जो खोलगट भाग होता, तिथे आधीच पाणी राहत होते. तीन बाजूंना दगड होताच, चौथ्या बाजूला एक फूट उंचीची भिंत घातली आणि सांधे तेवढे सिमेंटने भरले. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट खोल. हजार लिटर पाणी मावते. ज्या दगडाने माझे आंब्याचे झाड बुडवले, त्याच दगडाने फुकट हौद दिला. त्यात कुमुदाचे दोन कंद आणि गप्पी मासे सोडले. ज्यांच्या घरी रांगती मुले आहेत त्यांनी मात्र ध्यानात ठेवावे की दीड फूट पाणीही लहान मुलाला घातक आहे. आमच्या हौदावर लोखंडी जाळी बसवलेली आहे. त्यात कंजुषी करू नका.

आता पाणी कुठून आणले? नळाचे नाही. नळाला पाणी किती दिवसांनी येते ते इथे कुणाला सांगायला नको. हे पाणी गच्चीचे. हिशेब असा: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. माझ्या ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की साडेचारशे लिटरच्या वर पाणी पडते. धुळ्याला वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस धरला, आणि काही वाया गेले असे मानले, तरी वीस हजार लिटर पाणी आपल्या डोक्यावरून गटारीत जाते. ह्यांची नोकरी वर्कशॉपमधली, त्यांनी एका रविवारी नळी बसवून दिली. पहिल्या पावसाचे पाणी धूळ-विष्ठा घेऊन येते, ते बाहेर सोडायचे. नंतरचे वाळू-खडीच्या डब्यातून गाळून दोन पिंपांत आणि हौदात. हौद भरला की जादा पाणी चारीने कुंपणाजवळच्या त्या भेगेत. शेजारच्या भिंतीवर आता एक थेंब जात नाही. भेगेत गेलेल्या पाण्याने कुणाची बोअर वाढली असे मी म्हणणार नाही, ते मोजायला मला साधन नाही. पण भिंतीची ओल गेली, हे शेजारच्या वहिनी स्वतः सांगतील.

न्हाणीचे पाणी मी कर्दळ आणि अळूच्या वाफ्यात सोडते. साबणाचे पाणी भाजीला देत नाही. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी तुळशीला.

त्या सुमारास मी जळगावला बहिणीकडे गेले होते. तिने मला जैन हिल्स दाखवले. शिरसोली रस्त्याला ती टेकडी एके काळी उघडीबोडकी, खडकाळ होती असे जुनी माणसे सांगतात. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी ती विकत घेऊन तिचे रूप पालटले. २०१२ साली तिथे गांधी तीर्थ झाले. लोक ते संग्रहालय पाहायला जातात. मी मात्र उताराकडे पाहत होते. उताराला आडव्या पायऱ्या, पावसाचे पाणी अडवून केलेले तलाव आणि झाडांच्या मुळाशी ठिबक. मी बहिणीला म्हटले, "अगं, हे तर जिजींच्या चुन्याच्या रेघा!" त्यांच्याजवळ यंत्रे होती, पैसा होता. आपल्याजवळ ते नाही. पण पाण्याला आधी थोपवायचे आणि मग झाड लावायचे, हा क्रम श्रीमंताला आणि गरिबाला एकच आहे. येताना मी थोडी ठिबकची नळी आणली. आपल्याकडच्या क्षारांच्या पाण्याने तिची तोंडे बुजतात. महिन्यातून एकदा टोकाचे बूच काढून नळी धुवावी लागते, नाहीतर झाड सुकल्यावर कळते.

इथपर्यंत सगळे चांगले चालले होते. मग मला हौस सुचली. जुन्या कूलरची मोटर हौदात ठेवली, नळी वरच्या तालीवर नेली आणि तीन पायऱ्यांवरून पाणी खाली पडेल असे केले. पाणी पडू लागले तेव्हा मुले नाचली. बुलबुल, चिमण्या आल्या. जिजी मात्र म्हणाल्या, "पानी काय नाचाडाले शे का?" मला राग आला. मी म्हटले, तेच पाणी फिरते आहे, वाया कुठे जाते? त्या काही बोलल्या नाहीत.

२०१८ चा पाऊस कमी झाला. २०१९ चा उन्हाळा तुम्हांला आठवत असेल. गल्लीत टँकर येत होता. मी रांगेत हंडा घेऊन उभी होते. या सभेत बसलेल्या एका भगिनीने मला तिथे म्हटले, "तुमच्याकडे मासे पाण्यात खेळतात आणि तुम्ही आमच्या रांगेत कशाला?" सगळ्या हसल्या. मी हंडा तसाच घेऊन घरी आले आणि रडले. ह्यांनी विचारले तर सांगितले नाही. जिजींनी विचारले नाही, पण त्यांना कळले. त्या मला हौदापाशी घेऊन गेल्या आणि दगडावर आदल्या दिवशीची ओली रेघ दाखवली. पाणी एका दिवसात बोटभर उतरले होते. मी वहीत हिशेब केला. आपल्या वैशाखात उघड्या हौदातले पाणी रोज सुमारे एक सेंटिमीटर उडते. माझ्या हौदाच्या तोंडाला ते वीस-बावीस लिटर होते, म्हणजे रोज दोन बादल्या ऊन पिऊन जाई. आणि मोटर लावून पाणी उडवले की आणखी जास्त. ते दोन बादल्या पाणी मी पिंपातून रोज भरत होते. तेव्हा "तेच पाणी फिरते आहे" हे माझे म्हणणे खरे नव्हते.

त्या रात्री जिजींनी फडाचा नियम सांगितला. पाणी कमी असले की फड कमी करायचे. दुसऱ्या दिवशी मोटर काढून माळ्यावर ठेवली. मासे एका झाकणाच्या पिंपात सोडले, कुमुदाचे कंद ओल्या मातीच्या कुंडीत ठेवले आणि हौदातले पाणी पाळीपाळीने झाडांना दिले. आधी सगळ्यांत खालच्या टोकाला, मग वर. पाटाच्या शेवटच्या शेतालाही पाणी मिळालेच पाहिजे, असे जिजी म्हणत. भाजीचे वाफे त्या वर्षी कोरडे ठेवले. पिंपातले उरलेले पाणी मी गल्लीत भांडी-धुण्यासाठी दिले. ज्या भगिनीने मला टोमणा मारला त्याही दोन बादल्या घेऊन गेल्या. आम्ही दोघीही त्या विषयावर बोललो नाही. आज मी त्यांना सर्वांसमोर सांगते की तुमचे शब्द कडू होते, पण हिशेब बरोबर होता.

तेव्हापासून आमचा नेम असा आहे. मृगापासून होळीपर्यंत हौदात पाणी. पावसाळ्यात संध्याकाळी अर्धा तास मोटर. होळी झाली की हौद झाडांना वाटून टाकायचा आणि दगड कोरडा ठेवायचा. उन्हाळ्यात माझी बाग पाहायला आलात तर धबधबा दिसणार नाही. सीताफळाच्या सावलीला मात्र बसता येईल, आणि पाखरांसाठी एक मातीचे भांडे भरलेले असेल.

दुसरे भांडण याहून गंभीर होते. २०२२ च्या भाद्रपदात गल्लीतल्या एका लहान मुलाला डेंग्यू झाला. आठ दिवस तो दवाखान्यात होता. त्याची आई आमच्या दारात येऊन मोठ्याने बोलली की हौदामुळे माझे मूल गेले असते. कुणाचे मूल आजारी असताना काय उत्तर द्यायचे? मी दार लावून घेतले. ते माझे चुकलेच. दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या. त्यांनी प्रत्येक घरात बॅटरी घेऊन पाहिले. हौदात अळी सापडली नाही, कारण गप्पी मासे त्या खातात. पण मला हायसे वाटते न वाटते तोच त्यांनी माझ्या मोगऱ्याच्या कुंडीखालची ताटली उचलली. तिच्यात अळ्या वळवळत होत्या. पिंपांपैकी एकाचे झाकणही फुटके होते, त्यातही सापडल्या. गल्लीतल्या आणखी चार घरांत, कूलरच्या टपात आणि साठवणीच्या पिंपांत, तेच. मुलाला कुठल्या घरचा डास चावला हे कोण सांगणार? पण माझ्या घरचा नव्हेच, असे मला म्हणता येत नव्हते.

मी त्या माउलीकडे गेले, ताटलीची गोष्ट मी स्वतः सांगितली आणि माफी मागितली. मूल बरे होऊन घरी आले, देवाची कृपा. आशाताईंनी जे समजावले ते सर्वांनी पाळण्यासारखे आहे. हा डास गटारीत नव्हे, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आपण नळाला पाणी येत नाही म्हणून पाणी साठवतो, आणि तो त्यातच वाढतो. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायची. नुसती रिकामी करून भागत नाही, कडा घासायच्या, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. आपल्या गल्लीत शनिवार हा कोरडा दिवस ठरला तो तेव्हापासून. जे हौद-टाके रिकामे करता येत नाहीत त्यांत गप्पी मासे. माझ्या हौदातून आजवर सोळा घरी मासे गेले आहेत. वहीत नावे आहेत, पण ती वाचत नाही! पहिली बरणी त्या मुलाच्या घरी गेली, आणि ती न्यायला तो मुलगा स्वतः आला होता.

भगिनींनो, जिजी २०२४ च्या जानेवारीत गेल्या. शेवटच्या दिवसांतही त्यांची खाट मागच्या दाराशी होती. पुढच्या वर्षी, २०२५ साली, त्यांच्याच साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मला त्यांची फार आठवण झाली. बारीपाड्याच्या लोकांनी उजाड झालेले रान राखले, दगडा-मातीचे बांध घालून पाणी अडवले, आणि आता तिथल्या बाया रानभाज्या रांधून वनभाज्यांच्या स्पर्धेला मांडतात. ते काम गावाचे, माझे काम वीस बाय तीस फुटांचे. दोन्हींची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण जिजी असत्या तर म्हणाल्या असत्या की तिथल्यांनीही आधी पाण्यालाच विचारले.

आता शेवटचे. मागच्या पानांवरचा एकूण खर्च, पहिली दोन वर्षे फुकट गेलेले सोडून, नऊ वर्षांत ११,४०० रुपये. त्यातला मोठा भाग नळी, पिंपे आणि हौदाची जाळी. दरवर्षी शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, गवती चहा आणि पावसाळी भाजी विकत आणावी लागत नाही. मोगऱ्याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपण ज्या सभागृहात बसलो आहोत त्याची गच्ची माझ्या गच्चीच्या तिप्पट तरी असेल. तिचे पाणी पावसाळ्यात समोरच्या रस्त्यावर पडते आणि आपण चपला हातात घेऊन हळदीकुंकवाला येतो. या वर्षीच्या वर्गणीतून एक नळी, एक गाळणीचा डबा आणि एक पिंप एवढे घेतले तर मागच्या खडकाळ जागेत काही लावता येईल. काय लावायचे ते आधी ठरवू नका. पहिला पाऊस येईल तेव्हा दोघीतिघींनी छत्री घेऊन मागे उभ्या राहा आणि पाणी कुठे जाते ते पाहा. चुन्याची डबी मी घेऊन येते. ती जिजींचीच आहे, तिच्यात अजून चुना आहे.